रेवेच्या घाटावर

इंदूर, देवास, धार, महू अशा माळव्यातील जुन्या मराठी घरांना महेश्वर हे काही परके गाव नव्हे. शाळेच्या सहली तेथे जातात, माहेरी आलेल्या लेकी नर्मदास्नानाचा हट्ट धरतात, पाहुण्यांना दाखवावयाच्या स्थळांत ओंकारेश्वरानंतर त्याचाच क्रमांक लागतो. आणि लग्नाच्या रुखवतात एखादी महेश्वरी साडी नसेल तर बायका आपापसांत कुजबुजतात. दि. ३१ मे २०२५ रोजी देवी अहिल्याबाईंच्या जन्मास ३०० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने तर वर्षभर या गावाचे नाव सर्वांच्या तोंडी होते. एवढे परिचयाचे गाव असल्यामुळेच त्याच्याकडे नीट पाहण्याचा योग क्वचित येतो. आम्हां तिघी बहिणींना तो यावा यास कारण मात्र आनंदाचे नव्हते.

आमच्या थोरल्या अक्काचा सव्वीस वर्षांचा मुलगा चार दिवसांच्या तापाने गेला. वर्षश्राद्ध होऊन दोन महिने उलटले होते. अक्का घरातील सारी कामे करी, देवपूजा चुकवीत नसे, आल्यागेल्याला चहा करून देई. परंतु तिचे बोलणे आटले होते. सांत्वनाला येणारी माणसे आपापल्या परीने बोलत. कोणी ईश्वरेच्छेकडे बोट दाखवी, कोणी धाकट्या मुलीकडे पाहून सावरावयास सांगे, कोणी आपल्या नात्यातील याहून मोठे दुःख वर्णन करून सांगे. अक्का सर्वांचे ऐकून घेई. तिला पुन्हा दुःख नको म्हणून घरात मुलाचे नाव निघेनासे झाले, आणि हळूहळू ते नाव उच्चारणेच अवघड होऊन बसले. अशा वेळी कार्तिकातल्या एका सकाळी, कसलेही व्रत अथवा नवस नसताना, आम्ही तिला घेऊन महेश्वरास निघालो.

इंदुराहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्याने मानपूर-धामणोदवरून गेले म्हणजे प्रवास लवकर होतो. आम्ही मुद्दाम दुसरी वाट धरली. महूवरून मंडलेश्वराकडे जाणारा रस्ता जाम नावाच्या गावापाशी माळव्याच्या पठाराच्या अगदी कडेला येतो, आणि तेथे दगडी जाम दरवाजा उभा आहे. तो अहिल्याबाईंच्या काळात, १७९१ च्या सुमारास बांधला गेला. दरवाजाच्या कमानीतून पाहिले की विंध्याचा उतार एकदम खाली कोसळतो आणि पलीकडे निमाडचा सपाट मुलूख धुरकट पसरलेला दिसतो. माळव्यातील गार हवा येथे संपते. घाट उतरून मंडलेश्वर गाठले की ऊन वेगळे, माती वेगळी. रस्त्याच्या दुतर्फा कपाशी आणि मिरचीची शेते. दरवाजापाशी आम्ही थांबलो तेव्हा अक्का गाडीतून उतरली नाही. आम्हीही आग्रह केला नाही.

महेश्वराचा किल्ला नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. आत अहिल्याबाईंचा राजवाडा म्हणून जो वाडा दाखवितात तो पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटते. लाकडी खांबांची ओसरी, मधले अंगण, बाईंची गादी आणि त्यांचा पुतळा. आपल्याकडील एखाद्या सुखवस्तू देशमुखाच्या वाड्याहून त्याचा थाट फारसा मोठा नाही. किल्ल्याच्या एका भागात आता होळकर वंशजांनी चालविलेले हॉटेल आहे. तथापि १७६७ पासून १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, होळकरशाहीचा कारभार याच जागेतून चालला.

बाईंचे चरित्र आपण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, चौंडी गावच्या माणकोजी शिंदे पाटलांची ही मुलगी मल्हारराव होळकरांची सून झाली. ते चरित्र आपण देवळे, घाट, अन्नछत्रे आणि न्यायदान यांच्या अंगाने वाचतो. त्याच आयुष्याची दुसरी यादी त्या ओसरीवर उभे राहून मनाशी करू लागलो की जीव दडपतो. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव गेले. बाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या असता सासऱ्यांनी विनवण्या करून त्यांना थांबविले. १७६६ साली आलमपूर येथे तेच सासरे गेले. पुढच्याच वर्षी, १७६७ मध्ये, एकुलता एक मुलगा मालेराव बाविशीच्या सुमारास गेला. उरली मुलगी मुक्ता. तिचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. त्यांना एक मुलगा होता, आजीचा लाडका. तोही ऐन तारुण्यात महेश्वरातच वारला. त्यानंतर वर्षभरात, १७९१ साली, जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

या प्रसंगाचे वर्णन सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात केले आहे. ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. घटनेस तेव्हा तीस वर्षेच झाली होती, आणि ती आठवणारी माणसे माळव्यात हयात होती. माल्कम सांगतो, बाईंनी मुलीची परोपरीने विनवणी केली. सासऱ्याच्या शब्दाखातर एकदा स्वतः चितेपासून मागे फिरलेली ही बाई आता आई म्हणून तोच शब्द मुलीपाशी टाकत होती. मुलीचे उत्तर शांत होते. आई म्हातारी झाली आहे, ती काही वर्षांत जाईल. पती आणि पुत्र दोघेही गेलेले. आईमागे आपण कोणासाठी जगावे, असा तिचा आशय होता. बाईंनी मग अडविणे सोडले आणि त्या चितेपर्यंत चालत गेल्या. ज्वाला उठल्या तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. दोन ब्राह्मणांनी दंड धरून त्यांना आवरले. त्या आपल्याच हातांना चावे घेत होत्या. पुढे नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की शब्द उच्चारला नाही.

पतीच्या चितेवर जाण्याची ही चाल पुढे १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंद करण्यात आली, आणि नंतर इतरत्रही ती बंद झाली. घाटावर फिरताना अशा स्त्रियांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड आजही दिसतात, त्यांवर कोणी कुंकू वाहिलेले असते. आमच्या मनात त्यांच्यापुढे भक्ती उमटली नाही. करुणा मात्र दाटून आली. अहिल्याबाईंसारखी राज्यकर्ती स्त्री, जिच्या शब्दावर मुलूख हालत असे, तिलाही आपल्या घरची ही आग विझविता आली नाही, हे त्या दगडांपाशी जितके जाणवते तितके पुस्तकात जाणवत नाही.

हा सारा इतिहास आमच्यापैकी एकजण घाटाच्या पायरीवर बसून सांगत होती. अक्का नदीकडे पाहत ऐकत होती. तीन दिवसांची हकीकत संपली तेव्हा तिने मान वळविली आणि विचारले, “तीनच दिवस?”

कित्येक महिन्यांत आपणहून विचारलेला तिचा हा पहिलाच प्रश्न होता. त्याचे उत्तर चटकन देता येण्यासारखे नव्हते. माल्कम पुढे इतकेच लिहितो, की गेलेल्या माणसांसाठी एक सुंदर स्मारक बांधविण्यात बाईंना काही सांत्वन लाभले असे दिसले. दुःख संपले असे तो लिहीत नाही. तीन दिवसांनी बाईंनी अन्न घेतले आणि त्या दरबारात बसू लागल्या, एवढाच त्या तीन दिवसांचा अर्थ. त्यानंतर सुमारे पावणेचार वर्षे त्या जगल्या आणि दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, याच महेश्वरात निवर्तल्या. त्यांच्या दिनक्रमाची माहितीही माल्कमने नोंदविली आहे. पहाटे सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन, मग आपले साधे जेवण, थोडी विश्रांती, दुपारपासून सायंकाळपर्यंत दरबार, पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. या दिनक्रमास कोणी कर्तव्यनिष्ठा म्हणेल, आणि ते खरेच आहे. आम्हांस मात्र त्या पायरीवर बसून असे वाटले, की ज्याचे सर्वस्व गेले आहे अशा माणसाला दिवस हा फार मोठा असतो, आणि त्याचे असे लहान लहान भाग पाडल्याशिवाय तो पार करता येत नाही.

अक्काला आम्ही हेच सांगितले. तिने उत्तर दिले नाही. पण ती उठली आणि आमच्याबरोबर छत्र्या पाहावयास आली.

घाटाच्या वरच्या अंगास दोन वास्तू समोरासमोर आहेत. एक विठोजी होळकरांची छत्री. या विठोजींना १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी देऊन मारविले. छत्रीच्या जोत्यावर हत्तींचीच रांग कोरलेली आहे. दुसरे अहिल्येश्वर मंदिर, बाईंचे स्मारक. त्याचे काम यशवंतराव होळकरांच्या वेळी सुरू झाले आणि त्यांच्या पत्नी कृष्णाबाईंच्या काळात पूर्णत्वास गेले. अंगणात आले की भिंतीवरील वेलबुट्टी, झरोके, कमळे यांवर नजर ठरत नाही. बाईंनी स्वतःही आपल्या माणसांसाठी छत्र्या बांधविल्या. पतीची कुंभेरजवळ, सासऱ्यांची आलमपूरला. जेथे माणूस पडले तेथे दगड उभा राहिला. परंतु त्यांचे बांधकाम आपल्या माणसांपाशी थांबले नाही. काशी विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली त्यांनी पुन्हा उभे केले हे सर्वांना ठाऊक असते. काशीतील मणिकर्णिका घाट बांधविला तोही त्यांनीच, आणि गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ साली उभे राहिले तेही त्यांच्याकडूनच. मणिकर्णिका म्हणजे हिंदुस्थानभरातील लोकांचे स्मशान. विष्णुपद म्हणजे पितरांना पिंड द्यावयाचे स्थान. ज्या ज्या ठिकाणी अनोळखी माणसे आपापला शोक घेऊन येतात, तेथे त्यांच्या पायांखाली पक्का दगड असावा, डोक्यावर छप्पर असावे, अशी सोय या बाईने करून ठेवली. ती आपल्या शोकाबद्दल कोठे काही लिहून गेली नाही. ही बांधकामे पाहिली म्हणजे लिहावयास हवे होते असेही वाटत नाही.

वाड्याशेजारी दररोज सकाळी लिंगार्चन चालते. बाईंच्या काळापासून चालत आलेला हा विधी आम्ही प्रथमच सावकाश पाहिला. ब्राह्मण मंडळी ओल्या काळ्या मातीची बोटाच्या पेराएवढी असंख्य शिवलिंगे पाटावर रांगेने मांडतात, प्रत्येकावर तांदळाचा एकेक दाणा ठेवतात, त्यांची पूजा होते, आणि मग तो सारा पसारा नर्मदेत सोडून देतात. उद्या पुन्हा नवी माती. आमच्यातील धाकटीने सहज म्हटले, की रोज बुडवावयाचेच तर इतके रेखीव कशाला करतात? त्यावर तेथे बसलेले वृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, “बाई, बुडवायचे आहे म्हणून तर नीट करायचे.” अक्का त्यांच्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिली.

दुपारी जवळच्या एका घरी आम्ही ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी जेवलो. हे निमाडचे खास जेवण. नंतर विणकरांच्या आळीत गेलो. महेश्वरात हा धंदा रुजविला तो अहिल्याबाईंनीच. बाहेरून विणकर आणवून त्यांना येथे वसविले. पुढे संस्थानी आश्रय संपल्यावर माग बंद पडू लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर कुटुंबीयांच्या पुढाकाराने निघालेल्या रेवा सोसायटीने अनेक बायकांच्या हाती पुन्हा धोटा दिला. महेश्वरी साडीत उभा ताणा बहुधा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा, म्हणून ती अंगावर हलकी बसते. काठांवरील ईंट, चटाई, लहर, हिरा ही नक्षी किल्ल्याच्या भिंतींवरून आणि नदीच्या पाण्यावरून घेतलेली आहे, असे विणकर अभिमानाने सांगतात.

एका घरात माग थांबलेला होता. घरची प्रौढ बाई खाली वाकून संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा सांधत होती. एक जुना धागा, एक नवा धागा, दोहोंना बोटांनी पीळ देऊन जोडावयाचे, मग पुढचा. असे हजारो धागे. अक्का पूर्वी विणकामात फार हुशार. तिच्या हातचे स्वेटर आमच्या साऱ्या मुलांनी घातले आहेत. ती त्या बाईजवळ जमिनीवर बसली आणि हिंदीत विचारू लागली, किती दिवस लागतात, एखादा धागा चुकला तर काय करता, डोळे दुखत नाहीत काय. ती बाई मान वर न करता उत्तरे देत होती. घाई केली तर सारे उसकटून पुन्हा करावे लागते, म्हणून ज्या दिवशी हे काम असेल त्या दिवशी दुसरे काही हाती घेत नाही, असे ती म्हणाली. तिच्या दुःखाविषयी आम्ही विचारले नाही आणि अक्काच्या दुःखाविषयी तिने विचारले नाही. अर्धा तास दोघी धाग्यांविषयीच बोलल्या. वर्षभरात अक्काला इतके बोलताना आम्ही ऐकले नव्हते.

सायंकाळी घाटावर गर्दी झाली. परिक्रमावासी दंड-कमंडलू टेकवून बसले होते. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी ओलांडीत नाही. तिला उजव्या हाताशी ठेवून उगमापासून समुद्रापर्यंत आणि परत असे चालत राहतो. नदीची एकूण लांबीच १,३१२ किलोमीटर, तेव्हा दोन्ही काठ मिळून वाट किती होते याचा हिशेब वाचकांनीच करावा. पाण्यात मधोमध बाणेश्वराचे छोटे देऊळ काळसर दिसू लागले. मुले माशांना कणकेच्या गोळ्या टाकीत होती. द्रोणात फुले आणि वात ठेवून दिवे विकणारी एक पोर आमच्याकडे आली. अक्काने एक द्रोण घेतला. दिवा पेटवून देताना त्या पोरीने नेहमीच्या सवयीने विचारले, “किसके नाम का, माँजी?”

आम्ही श्वास रोखला. अक्काने मुलाचे नाव सांगितले. पाळण्यातले पूर्ण नाव, मग घरात हाक मारावयाचे नाव. पोरीने दोन्ही नावे मोठ्याने उच्चारली आणि द्रोण पाण्यावर ठेवला. अक्का रडली. पुष्कळ वेळ, आवाज न दाबता रडली. कोणी तिला गप्प केले नाही. घाटावरची माणसे आपापल्या वाटेने येतजात राहिली. तेथे रडणाऱ्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही.

त्या दिवसापासून अक्का बरी झाली असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. अजूनही सणाच्या दिवशी ती देवघरातून लवकर बाहेर येत नाही. मुलाची खोली तिने आवरलेली नाही, आणि ती आवरावी असे कोणी म्हणतही नाही. पण घरात त्याचे नाव पुन्हा येऊ लागले आहे. त्याला काय आवडे, तो कशावरून भांडे, हे बोलले जाते, क्वचित हसलेही जाते. गेल्या थंडीत अक्काने लोकरीची पिशवी पुन्हा काढली.

शोक करणाऱ्या माणसाला घेऊन कोणास महेश्वरास जावयाचे असल्यास कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम; माघ शुद्ध सप्तमीस नर्मदा जयंती असते, तेव्हा मात्र फार गर्दी होते, ती टाळावी. उन्हाळ्यात घाटाचे दगड असह्य तापतात. सकाळी लवकर पोहोचावे म्हणजे लिंगार्चन पाहता येते. शक्य तर रात्री मुक्काम करावा आणि पहाटे घाटावर बसावे. नावेने सहस्रधारेपर्यंत जाता आले तर जावे. तेथे काळ्या खडकांवरून नदी असंख्य धारांनी फुटते आणि पुढे पुन्हा एक होते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. बरोबर नेलेल्या माणसास काही दाखविण्याची, समजावण्याची घाई करू नये. गाडीतून न उतरल्यास न उतरू द्यावे, रडल्यास रडू द्यावे, एकाच पायरीवर दोन तास बसल्यास आपणही बसावे. गेलेल्याचे नाव कोणी विचारले तर ते सांगण्याची संधी त्याला मिळावी, एवढे मात्र पाहावे. बाईंना दंड धरून आवरणारी ती दोन माणसे काय बोलली हे माल्कमने लिहिलेले नाही. बहुधा ती काहीच बोलली नसतील. त्यांनी हात सोडले नाहीत, एवढे मात्र नक्की.